एकतीस रिकामे खण

परकारभाईंनी शीट ई-मेलनं पाठवली की पाच मिनिटांत त्यांचा फोन येई. सलाम नाही, नमस्कार नाही. पहिलाच प्रश्न असे, "किती आले?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मला नोकरी लागून दोनच आठवडे झाले होते. मी गोंधळून विचारलं, "कोण आले?"

"ओळी हो, मॅडम. मी बाराशे चाळीस पाठवल्यात. तुमच्याकडं किती उतरल्या?"

मी स्क्रीनवर पाहिलं. बाराशे एकोणचाळीस. एक ओळ कमी होती. त्यांनी शीर्षकाची ओळही मोजली होती, एवढंच ते निघालं. पण हे कळल्यावरसुद्धा त्यांनी फोन ठेवला नाही. "म्हंजे तुमचा सॉफ्टवेअर पयल्या ओळीला मानूस समजत नाय. ती नुसती नावं हायत, हे त्याला कोण सांगतं?" मी म्हटलं, मी सांगते, शीट सॉफ्टवेअरमध्ये आणताना तसा एक चौकोन असतो, त्यात टिक करायची. "बरं," ते म्हणाले, "एकदा बगायला येईन."

मी पुण्यात संख्याशास्त्र शिकले आणि दहा वर्षं एका बाजार-पाहणीच्या कंपनीत साबण नि बिस्किटांचे आकडे चाळले. नवऱ्याची बदली बहरीनला झाली, आम्ही बुसैतीनमध्ये घर घेतलं, मुलगी इरा स्कूल बसनं ईसा टाउनला शाळेत जाऊ लागली, आणि मी रिकामी झाले. तेव्हा एका खाजगी दवाखान्यात नोकरी मिळाली. दवाखान्याच्या तीन शाखा होत्या, मधुमेहाचे पुष्कळ पेशंट होते, आणि त्यांच्या नोंदींवरून काही शिकता येईल का हे पाहायला त्यांना माणूस हवा होता. त्या नोंदी ज्या शीटमध्ये असत ती शीट जिदहफ्सच्या शाखेत बसलेले रेकॉर्ड क्लार्क ठेवत. त्यांचं नाव हसन परकार. सगळे त्यांना परकारभाई म्हणत.

ते खरंच बघायला आले, त्याच आठवड्यात. साठीच्या आसपासचा, बारीक, ताठ माणूस. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, आणि चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. मी हिंदीत बोलायला सुरुवात केली तर त्यांनी माझ्या टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. त्यात थालीपीठ होतं. "मराठी हायत तुमी," ते म्हणाले, आणि तिथून पुढं आमचं बोलणं मराठीतच झालं. त्यांचं गाव बाणकोटच्या खाडीजवळ, मंडणगड तालुक्यात. शाळा मराठी, सातवीपर्यंत. वडलांची खाडीवर तर, म्हणजे होडी, होती. माणसं ह्या काठावरून त्या काठावर न्यायची. लहान असताना परकारभाईंचं काम म्हणजे चढलेली माणसं मोजायची आणि पलीकडे उतरलेली पुन्हा मोजायची. "बाप बोलायचा, आकडा जुळला की मग तोंड उघड. तोवर गप." हे त्यांनी मला त्या पहिल्याच भेटीत सांगितलं, फुशारकी म्हणून नव्हे, ओळी का मोजतो याचं कारण मला द्यायला हवं, असं त्यांना वाटलं असावं.

बहरीनमध्ये त्यांना तीस वर्षं झाली होती. बायको आणि एक मुलगी गावी. ते जिदहफ्समध्ये एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत, दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर जात. आधी दवाखान्यात फायली उचलायला लागले, मग रजिस्टर लिहायला, आणि कॉम्प्युटर आले तसे शीटवर. शीटमधल्या सेलला ते 'खण' म्हणत. मला तो शब्द इतका आवडला की आता मीही तोच वापरते.

त्यांची शीट म्हणजे एक प्रदर्शन होतं. शीर्षकाचे खण एकमेकांत जोडलेले, काही ओळी पिवळ्या, काही फिकट हिरव्या, मधूनच एखादा खण गुलाबी. कागदावर छापली तर भिंतीवर लावावी अशी. आणि संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला यातलं काहीच समजत नाही. त्याला हवी असते एक सरळ चौकट: पहिल्या ओळीत नावं, खाली एका पेशंटच्या एका भेटीला एक ओळ, एका कॉलममध्ये एकच गोष्ट. मी त्यांना शेजारी बसवून त्यांची शीट सॉफ्टवेअरमध्ये आणून दाखवली. बटण दाबलं. पांढऱ्या चौकटीत काळे आकडे आले.

परकारभाई बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पिवळा कुठं गेला?"

"रंग येत नाहीत, परकारभाई."

"कुठं जातात?"

मी म्हटलं, जात कुठंच नाहीत, सॉफ्टवेअर ते वाचतच नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. पिवळा म्हणजे त्या दिवशी पेशंट काही न खाता आला होता. हिरवा म्हणजे औषध नुकतंच बदललं होतं. गुलाबी म्हणजे आकडा पेशंटनं नव्हे, घरातल्या दुसऱ्या कुणी सांगितला होता. इतकी महत्त्वाची माहिती ते सात वर्षं रंगात भरत आले होते, आणि माझ्या आधी हे काम करणाऱ्या माणसानं ती सात वर्षं न पाहता टाकून दिली होती.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. परकारभाईंनी वही काढली आणि विचारलं, "मग पिवळ्याला काय लिवायचं?" आम्ही तीन नवे कॉलम केले. उपाशी: हो, नाही. औषध बदललं: हो, नाही. आकडा कुणी सांगितला. महिन्याभरात सात वर्षांचे रंग त्यांनी एकेक करून अक्षरांत उतरवले. उतरवून झाले तेव्हा फोन आला. "रंग खलास. आता आणा, बगू."

असं आमचं सुरू झालं. फाइल नंबरांच्या सुरुवातीची शून्यं आणताना गळून पडायची, कारण सॉफ्टवेअर त्यांना संख्या समजे. तारखांत दिवस आणि महिना जागा बदलायचे, पण फक्त बारा तारखेपर्यंतच. तेरा तारखेपासून पुढं तेरावा महिनाच नसल्यामुळे ते आपोआप सरळ व्हायचे. हे त्यांना मी सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. "म्हंजे अर्धी चूक करतं आणि अर्ध्याला शहाणं होतं. मानसासारखंच हाय." मग त्यांनी मला त्यांची एक जुनी चूक सांगितली. नवे असताना नर्सच्या चिठ्ठ्यांवर अरबी आकडे यायचे. अरबी पाच दिसायला आपल्या शून्यासारखा. त्यांनी आठवडाभर पाच वर्षांच्या मुलांचं वय शून्य लिहिलं होतं. "दवाखान्यात एवढी तान्ही पोरं कशी काय येतात, ह्याचा मी विचार करत होतो. विचार केला म्हनून सापडली."

हळूहळू 'मॅडम'ची 'बाय' झाली. कोकणात मुलीला, सुनेला बाय म्हणतात, हे मला माहीत होतं. परकारभाईंच्या तोंडी ते ऐकताना बरं वाटे. एका शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला आले. इरा मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. तिनं त्यांना इंग्रजीत विचारलं की तुम्ही रोज तेच तेच टाइप करता, कंटाळा येत नाही का. त्यांनी मराठीत सांगितलं, "तेच कुठं असतं? काल एका बाईची साखर नेमकी आठ, परवा आठ, तेरवा आठ. मी विचार करतो, रोज नेमकी आठ कशी? मग कळतं, ती घरचं यंत्र लावतच नाय. दवाखान्यात आली की मनानं सांगते." (इकडे साखर दुसऱ्या मापात मोजतात; आठ म्हणजे भारतातल्या मापानं साधारण एकशे पंचेचाळीस.) इरा हसली आणि जेवण होईपर्यंत त्यांच्या शेजारून उठली नाही.

त्यानंतरच्या वर्षी ती गोष्ट घडली, जिच्यामुळे मी हे लिहिते आहे.

मधुमेहाच्या पेशंटना तोवर दर महिन्याला दवाखान्यात यावं लागे. व्यवस्थापनानं नवी पद्धत सुचवली: तीन महिन्यांतून एकदा या, मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी नर्स फोन करेल, तुम्ही घरच्या यंत्रावर साखर मोजून तिला आकडा सांगा. अर्धे पेशंट सहा महिने नव्या पद्धतीत घातले, अर्धे जुन्याच पद्धतीत ठेवले, पण फोन दोन्ही गटांना जाणार होते. नर्स चिठ्ठीवर आकडा लिहून देई, परकारभाई तो शीटमध्ये भरत. नवी पद्धत जुन्या पद्धतीइतकीच चांगली आहे की नाही, हे सांगायचं काम माझं. चांगली ठरली तर ती तिन्ही शाखांत सर्वांना लागू होणार होती.

सहा महिन्यांनी परकारभाईंची शीट आली. चौदाशे बारा नोंदी. मी ती सॉफ्टवेअरमध्ये आणली, साखरेचा कॉलम संख्येचा आहे असं सांगितलं आणि बटण दाबलं. एक छोटा इशारा आला, काही नोंदी संख्येत बदलता आल्या नाहीत, त्या रिकाम्या ठेवल्या आहेत. असा इशारा नेहमीच येतो. कुणी आकड्यापुढं जागा सोडलेली असते, कुणी टिंब दोनदा दिलेलं असतं. मी ओके दाबलं.

निकाल छान होता. नव्या पद्धतीतल्या पेशंटची सरासरी साखर जुन्या पद्धतीतल्यांपेक्षा किंचित कमीच होती. मी दोन आलेख काढले, अहवाल लिहिला आणि डॉक्टर मरियम आणि ऑपरेशन्स मॅनेजर या दोघांना पाठवून दिला. डॉक्टर मरियम बहरीनच्याच, मधुमेह विभागाच्या प्रमुख. मॅनेजर दिल्लीकडचे. दोन दिवसांनी, बुधवारी दुपारी बैठक ठरली.

बुधवारी सकाळी परकारभाईंचा फोन आला. या वेळी त्यांना उशीर झाला होता, ताप आला म्हणून दोन दिवस घरी होते.

"किती आले?"

"चौदाशे बारा. सगळे आले."

"आणि साखरेच्या कॉलमात?"

हे त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं. मी पाहिलं. "तेराशे एक्क्याऐंशी. एकतीस रिकामे आहेत. एवढे असतातच, परकारभाई."

"बाय, मी एक पन खण रिकामा सोडलेला नाय."

"नर्सनं आकडा दिला नसेल तर?"

"तर ती ओळच नसते. ओळ हाय म्हंजे चिठ्ठी हाय. चिठ्ठी हाय म्हंजे कायतरी लिवलेलं हाय. मी येतो."

तासाभरात ते आले, चेहरा तापानं उतरलेला, हातात चिठ्ठ्यांचा पुठ्ठ्याचा डबा. मी त्यांची मूळ शीट उघडली आणि ते एकतीस खण शोधले. प्रत्येकात दोन इंग्रजी अक्षरं होती. एच आणि आय.

ही अक्षरं मी आधी पाहिली होती. शीट वरवर चाळताना एकदा दिसली होती, आणि मला वाटलं होतं, नर्सा चिठ्ठीवर गमतीनं 'हाय' लिहीत असतील आणि परकारभाईंनी इमानदारीनं तेही उतरवलं असेल. मी तसं त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"साखर यंत्राच्या मापाच्या वर गेली की यंत्र आकडा दाखवत नाय. ही दोन अक्षरं दाखवतं, 'हाय' म्हंजे वर. इतकी वर, की मोजता येत नाय." त्यांनी डब्यातून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. नर्सचं अक्षर होतं, त्याखाली लिहिलं होतं: पेशंटला आजच यायला सांगितलं. मग ते स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "यंत्र बोलतंय हाय, आणि तुमी केलात नाय."

मी साबणाच्या आकड्यांतून आले होते. तिथं मोजता येणार नाही इतका साबण कुणी वापरत नाही.

पुढचं काम पटकन झालं. ती एकतीस माणसं कोणत्या पद्धतीतली, हे मी पाहिलं. सव्वीस नव्या. पाच जुन्या. म्हणजे नव्या पद्धतीतल्या सगळ्यात आजारी लोकांना मी हिशेबातून काढून टाकलं होतं आणि मग उरलेल्यांची सरासरी चांगली आली म्हणून दोन आलेख काढले होते. प्रत्येक वेळी नर्सनं पेशंटला बोलावलं होतं, काही आले, काही दुसऱ्या हॉस्पिटलात गेले, काही आलेच नाहीत. वेगवेगळ्या शिफ्टच्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी त्यांना एकेकटं पाहिलं होतं. एकत्र कुणीच पाहिलं नव्हतं. एकत्र पाहायचं काम माझं होतं.

"ह्याला आकडा किती द्यायचा?" परकारभाई विचारत होते. त्यांना खरोखर कुतूहल होतं. "यंत्राचं माप जिथं संपतं तो द्यायचा? पन खरी साखर त्याच्याहून जास्त. किती जास्त ते ठावं नाय. मग?"

"म्हणूनच आकडा द्यायचा नाही. दुसरा कॉलम करायचा. मापाच्या वर गेली का: हो, नाही. आणि किती जण गेले ते मोजायचं."

"म्हंजे पिवळ्यासारखंच," ते म्हणाले.

दुपारी बैठकीत मी सांगितलं की अहवालात चूक आहे, निकाल उलटा आहे. डॉक्टर मरियमनी पहिल्यांदा त्या एकतीस जणांची यादी मागितली, आणि ती घेऊन लगेच बाहेर गेल्या, नर्सांना फोनवर बसवायला. खोलीत मॅनेजर, मी आणि दाराजवळच्या खुर्चीवर परकारभाई उरलो. मॅनेजरांनी अहवाल आधीच वर पाठवला होता. ते अस्वस्थ होते. त्यांनी हिंदीत विचारलं, "नंबर के कॉलम में अक्षर किसने डाले?"

"मैंने डाले," परकारभाई म्हणाले.

मॅनेजर म्हणाले की संख्येच्या जागी संख्याच भरायची, एवढं तीस वर्षांत समजायला हवं होतं. आता त्या कॉलमला कुलूप लावू, आकड्याशिवाय काही टाइपच होणार नाही. आणि लेखी ताकीद द्यावी लागेल. परकारभाईंचं कॉन्ट्रॅक्ट दोन महिन्यांनी नव्यानं व्हायचं होतं, आणि त्यावरच व्हिसा. साठीनंतर दर वेळी ते अवघड होत जातं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी काही बोलले नाही. हे लिहायला मला सोपं जात नाही, पण तसंच झालं. मी टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. परकारभाई इतकंच म्हणाले, "कुलूप लगाएंगे तो नर्स क्या लिखेगी, साब? मशीन तो HI ही बोलेगा." त्यावर मॅनेजर म्हणाले, ते नंतर बघू.

आम्ही दोघं बाहेर आलो. मला वाटलं, आता ते बोलतील. रागावतील, निदान माझ्याकडे तसं बघतील तरी. ते कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या कूलरपाशी थांबले, कागदी ग्लास भरून घेतला, गोळी घेतली. मग विचारलं, "बाय, एक सांगा. तुमी आनता तवा तो सॉफ्टवेअर सांगतो का, की मी एकतीस खण रिकामे केले म्हनून?"

"सांगतो. इशारा येतो."

"मग या खेपेला आला होता?"

"आला होता."

"तुमी वाचलात?"

"वाचला. ओके दाबलं."

"हां," ते म्हणाले. त्या 'हां'मध्ये आरोप नव्हता. जिथं अडलं होतं ती जागा सापडल्यावर माणूस म्हणतो, तसा तो 'हां' होता. चूक कशी झाली एवढंच त्यांना हवं होतं, ते मिळालं होतं. ताकीद त्यांना मिळणार होती, याचा त्या प्रश्नाशी संबंध आहे असं त्यांच्या मनातही नसावं.

मी ग्लास हातात घेतला आणि तसाच कचऱ्यात टाकून परत आत गेले. मॅनेजरांना म्हटलं की अक्षरं बरोबर होती, यंत्रानं दाखवलं तेच लिहिलं होतं, चूक आणताना झाली आणि ती माझी आहे. ते म्हणाले, जाऊ द्या, एवढं मनावर घेऊ नका. मी टेबलावर परत येऊन तेच ई-मेलमध्ये लिहिलं, इशाऱ्याच्या मजकुरासकट, आणि डॉक्टर मरियमनाही पाठवलं. ताकीद निघाली नाही. मला सहा महिन्यांसाठी पुन्हा प्रोबेशनवर ठेवलं, आणि माझ्या प्रत्येक अहवालाला डॉक्टर मरियमची सही लागेल असं ठरलं. ते योग्यच होतं.

एकतीस जणांपैकी जवळजवळ सगळे त्या दोन दिवसांत येऊन गेले. एक जण फोन उचलत नव्हते. जिदहफ्सच्या बाजारात मासळी विकणारे एक वयस्क गृहस्थ, त्यांच्याही नावावर तीच दोन अक्षरं होती. परकारभाई त्यांना चेहऱ्यानं ओळखत. ते स्वतः बाजारात गेले आणि त्यांना घेऊन आले. त्या माणसाच्या पायाला जखम होती, पायमोज्यात दडवलेली. तीन महिन्यांनी या असं सांगितलं होतं, अजून तीन झाले नाहीत, असं ते सगळ्यांना समजावत होते. पायाचं एक बोट गेलं, पाय वाचला. नवी पद्धत बंद झाली, आणि पुढं ती दुसऱ्या रूपात आली तेव्हा त्या दोन अक्षरांसाठी वेगळा कॉलम होता आणि ती दिसली की डॉक्टरांना लगेच निरोप जाई.

या सगळ्याबद्दल परकारभाईंनी माझे आभार मानले नाहीत आणि मला माफही केलं नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यातच नव्हत्या. पुढच्या सोमवारी ते आले आणि म्हणाले, "तो इशारा मना दाखवा." मी जुनी शीट पुन्हा आणून दाखवली. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, वहीत उतरवून घेतला. मग म्हणाले, "अजून एकदा." मग त्यांनी एक खोटी शीट बनवली आणि मुद्दाम बिघडवत गेले. एका खणात आकड्यामागं एक मोकळी जागा. एका खणात अरबी तीन. एकात प्रश्नचिन्ह. एकात 'दहाच्या आसपास'. प्रत्येक वेळी आणायचं आणि सॉफ्टवेअर काय बोलतं ते बघायचं. काही चुका ते बोलून दाखवी, काही गुपचूप गिळून टाकी. "हे बोललं नाय," ते म्हणत आणि वहीत वेगळ्या पानावर लिहीत. बोललेल्या चुकांपेक्षा न बोललेल्या चुकांचं पान लवकर भरलं. ती वही आज माझ्याकडे आहे. नवीन माणूस कामाला लागला की मी आधी त्याला ते पान दाखवते. मराठी येत नसलं तर वाचून सांगते.

त्यांचं कॉन्ट्रॅक्ट आणखी दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनीच नको म्हटलं. मुलगी नसीमा गावच्या शाळेत शिक्षिका झाली होती, बायकोचे गुडघे दुखत होते, आणि त्यांना आता खाडीकडे जायचं होतं. निरोपाला दवाखान्यात केक कापला. परकारभाईंनी केकचा तुकडा हातात धरून नव्या क्लार्कला शीटमधले कॉलम समजावले.

जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मला एक जाड लिफाफा दिला. आत सोळा पानं होती, शाळेत गिरवलेल्या वळणदार मराठी अक्षरात. शीटच्या प्रत्येक कॉलमबद्दल थोडं थोडं. हा आकडा कोण मोजतो. कुठल्या यंत्रावर. ते यंत्र कधी बदललं. हा आकडा कधी खोटा असू शकतो आणि का. बोलताना ते गावचं बोलत, पण लिहिलं होतं शाळेतल्या पुस्तकासारखं. शेवटच्या पानावर गावचा पत्ता, फोन नंबर, आणि खाली: 'सदर नोंदींत माझ्या हातून चुका झाल्या असतील. आढळल्यास कळवावे. चूक कशी झाली, ते जाणून घेण्याची इच्छा आहे.'

पुढची दीड वर्षं मला चूक सापडली नाही. खरं सांगायचं तर मी शोधतही नव्हते. मग मागच्या हिवाळ्यात तिन्ही शाखांच्या जुन्या नोंदी एकत्र करताना एक बाई समोर आली, जिचं वजन एकशे एकोणसाठ किलो होतं आणि उंची बासष्ट सेंटिमीटर. मी खुर्चीत एकटीच हसले. दोन कॉलमची अदलाबदल, आणि तीही एका भेटीपुरती नव्हे, चार महिने. परकारभाईंच्या काळातली, त्यांच्या हातची. मी घड्याळ बघितलं, गावी दुपारचे तीन वाजले असतील असा हिशेब केला आणि फोन लावला.

फोन एका बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं, बहरीनहून बोलते म्हटलं, परकारभाई आहेत का विचारलं.

"मी नसीमा, त्यांची मुलगी," ती म्हणाली. "अब्बा गेले. दोन महिने झाले. झोपेतच गेले, त्रास नाही झाला. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण नंबर त्यांच्या वहीत होते आणि ती वही अजून उघडवत नाही."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं, माफ करा, मी नंतर फोन करते.

"नाही, बोला ना. तुम्ही त्या बाय ना? ते सांगायचे तुमचं. काही काम होतं का?"

"काम असं नाही," मी म्हटलं. "त्यांची एक चूक सापडली होती. त्यांनी कळवायला सांगितलं होतं. आता राहू दे."

पलीकडे मागे कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता, एक कोंबडा ओरडत होता. मला वाटलं, ती रडते आहे. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"राहू कशाला दे?" ती म्हणाली. "थांबा हं, मी पेन घेते." ती गेली आणि परत आली. "हां, सांगा. ओळ कितवी?"